साडेतीन हजारांची डबी

ही २०२४ सालची गोष्ट. पांढुर्णा जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. आमच्या सौसरच्या बाजारात काही दुकानांच्या पाट्यांवर नवा जिल्हा रंगवून झाला होता, काहींवर जुनाच होता. दिवाळी होऊन आठवडा लोटला होता. संत्र्यांनी भरलेल्या गाड्या दुपारी आमच्या दुकानावरून जायच्या, आणि त्या गेल्यावरही रस्त्याला बराच वेळ वास असायचा.

आमचं दुकान बांगड्यांचं. आता ते माझा मुलगा विशाल पाहतो. मी दुपारी जेवण झालं की आतल्या जुन्या गादीवर जाऊन बसते. चारच्या सुमाराला पश्चिमेकडच्या दारातून ऊन येतं, टांगलेल्या बांगड्यांवर पडतं आणि समोरच्या भिंतीवर हिरवे, लाल, मोरपंखी ठिपके हलू लागतात. त्या ठिपक्यांकडे पाहता पाहता डोळा लागतो आणि कोणतं साल चालू आहे ते कळेनासं होतं. पन्नास वर्षं मी बायकांचे हात हातात घेतले. हल्ली चेहरे विसरते. कोणी समोर येऊन ओळखलं का म्हणून विचारलं की मी म्हणते, हात दे. हात दाबला की आठवतं कोण ते, कुठली, आणि बांगडी चढवताना कुठल्या हाडापाशी अडायची.

वत्सलाचा हात मला पहिल्यापासून आठवतो. १९८४ च्या उन्हाळ्यात, लग्न होऊन आठ दिवस झाले असतील, तिची सासू अंबाबाई तिला रामाकोन्याहून बाजाराला घेऊन आली होती. माहेर तिगावचं, स्टेशनाजवळ घर. अठरा वर्षांची पोर. हात इतका मऊ की दोन-चारच्या मापाची बांगडी साबण न लावता गेली. मी गमतीनं अंबाबाईला विचारलं, सून कामाची आणली की शोभेची. ती म्हणाली, एक हंगाम जाऊ द्या बाई, मग पाहाजा.

मग मी पाहत गेले. दर दिवाळीनंतर वत्सला यायची आणि दरवर्षी तिचा हात थोडा वेगळा असायचा. आधी बोटांची पेरं जाड झाली. मग तळव्याला कातड्यासारखं कडकपण आलं. कापसाच्या बोंडांची सुकलेली टोकं नखांच्या बाजूनं टोचून टोचून तिथं बारीक काळ्या चिरा पडल्या. वेचणी संपली की ती गावातल्या बागायतदाराच्या, पुंडलिकरावांच्या, संत्र्याच्या बागेत कामाला जायची. झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुना कालवून लावतात, कीड लागू नये, साल फुटू नये म्हणून. कुंचल्यानं लावायचं असतं ते, पण सालीच्या खाचांत कुंचला पोचत नाही, म्हणून वत्सला फडकं बोटांना गुंडाळून लावायची. फडकं विरलं की नुसत्या बोटांनी. कमरेएवढ्या उंचीपर्यंत निळसर पांढऱ्या झालेल्या त्या झाडांच्या रांगा रस्त्यावरून जाताना बसमधून दिसत. मी मनात म्हणायची, वत्सलाची झाडं.

दोन-चारची दोन-सहा झाली, मग दोन-आठ. २०११ साली तिचा नवरा तुळशीराम वारला. तीन आठवड्यांनी ती दुकानात आली आणि माझा हात बांगड्यांकडे जाईना. तिनंच मनगट पुढं केलं. "भरा, काकू. आमच्यात तसं नाई मानत. अन् त्यायले आवाज आवडे." त्या दिवशी मी तिला चॉकलेटी रंगाच्या भरल्या. एक बांगडी माझ्या हातून पिचली.

तर २०२४ च्या त्या दुपारी वत्सला आली, पण मनगट पुढं केलं नाही. दोन्ही तळवे माझ्यासमोर उताणे ठेवले आणि म्हणाली, "काकू, बोटं पाहा." मी चष्मा लावला. दहाही बोटांची टोकं घासून गेलेल्या जुन्या नाण्यासारखी झाली होती. एक रेष नव्हती. काचेवर बोट फिरवावं तसं माझं बोट त्यांच्यावरून सरकलं.

मग तिनं सगळं सांगितलं. रामाकोन्यातलं तिचं घर, मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर, ते पुंडलिकरावांच्या जागेवर उभं होतं. सासऱ्याच्या वेळेपासून. चाळीस वर्षं कोणी उठ म्हटलं नव्हतं, पण उठ म्हणता आलं असतं. तुळशीराम गेल्यावर वत्सलानं ती जागा विकत मागितली, हळूहळू तिचे पैसे चुकते केले, आणि पुंडलिकराव रजिस्ट्री करून द्यायला तयारही होते. माणूस शब्दाचा. पण वय चौऱ्याऐंशी, छातीचं दुखणं, आणि मुलगा वैभव त्यांना कायमचं इंदूरला नेणार होता. पंधरा डिसेंबरला. त्याआधी रजिस्ट्री होणं जरूर होतं, कारण वैभवला जागा कुठली आणि शब्द कोणता, काहीच माहीत नव्हतं.

वत्सला आणि पुंडलिकराव, दोघं रजिस्ट्री ऑफिसात जाऊन आली होती. मशीननं पुंडलिकरावांचा अंगठा घेतला. वत्सलाचा नाही. एकेक करून दहा बोटं ठेवून पाहिली. तिथल्या बाबूनं दुसरा रस्ता सांगितला, फोनवर नंबर येतो तो सांगितला तरी चालतं. पण तिच्या ओळखीच्या कार्डाला फोन तुळशीरामचा जोडलेला, तेरा वर्षांपासून बंद. तो बदलायलाही बोटच लागतं. बाबू भला होता. म्हणाला, हाताला काही लावा, आराम द्या, पंधरा दिवसांनी पाहू. नाहीतर घरातल्या कोणाच्या नावानं करून टाका.

घरातलं कोणी म्हणजे अतुल, तिच्या दिराचा मुलगा. त्याचं बिऱ्हाड त्याच अंगणात, पलीकडच्या दोन खोल्यांत. तो तयार होता. मोठी आई, माझं काय अन् तुझं काय, असं तो म्हणाला होता आणि मनापासून म्हणाला होता. वत्सलाची मुलगी शीतल लग्न होऊन वरुडला, तिचंही काही म्हणणं नव्हतं.

"अतुल चांगला आहे जी," वत्सला म्हणाली. "त्याच्यावर भरोसा नाई असं नाई. पण काकू, राशनकार्डावर माहं नाव आहे, मजुरीच्या हजेरीत आहे. मालक म्हणून कुठंच नाई. एक डाव पाहाचं होतं, कसं दिसते."

एवढं बोलून ती ज्या कामाला दुकानात आली होती त्याकडे वळली. हाताला लावायचं सगळ्यात महागाचं क्रीम तिला पाहिजे होतं.

मी हसले. पन्नास वर्षं मी बांगड्यांच्या जोडीला स्नो, पावडर, क्रीम विकत आले आहे. लोक मला विचारत, काकू, ह्यानं गोरं होते का. मी म्हणायची, माझ्याकडे पाहा, रोज दुकानात बसते, झाले का. तरी न्यायचे. माझं मत पक्कं होतं. महागाच्या डबीत काच जाड असते, झाकण जड असतं, आणि पैसे त्या जडपणाचे. मी विशालला सांगून दहा रुपयांची जेलीची डबी काढायला लावली आणि वत्सलासमोर ठेवली. हातमोजे घालून झोप, म्हटलं, पंधरा दिवसांत फरक पडेल.

वत्सलानं डबीला हात लावला नाही. "हे तर घरी आहे. पाय फुटले का लावतो. काकू, ह्या हातायले आजवर काही लावलंच नाई. आता लावाचं तर असं लावतो, का त्यायलेही समजलं पाहिजे."

माझी नात दिपाली नागपूरला एका मोठ्या दुकानात महागडी क्रीमं विकते. पांढरा कोट घालून काउंटरवर उभी असते. त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा मी तिच्यापुढं हे मांडलं आणि आमचा नेहमीचा वाद झाला. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. तिनं कबूल केलं की कातडी मऊ ठेवायचं काम दहा रुपयांची जेलीही करते, काही वेळा चांगलं करते. उन्हापासून राखणारं जे असतं त्यात पैसे घालावेत, बाकी बरंचसं वासाचं आणि डबीचं असतं. मग मी विचारलं, एवढं माहीत असून विकतेस कशी.

"आजी, बाई काउंटरवर आली ना, की आम्ही आधी तिचा हात हातात घेतो. मागच्या बाजूला थोडं लावतो, हळूहळू चोळतो. कितीतरी बायका तेवढ्यात डोळे मिटतात. मला वाटतं, त्या त्याचेच पैसे देतात. तू काय वेगळं करत होतीस?"

मी म्हटलं, पाठव मग एक डबी. पुढच्या आठवड्यात तिनं डबी पाठवली. साडेतीन हजार रुपये. दिपालीनं कमी करायची तयारी दाखवली, वत्सलानं नाही म्हटलं. दिवाळीला शीतलनं पातळासाठी पाठवले होते ते पैसे होते. डबी दुधी काचेची, मुठीत मावेल एवढी. वत्सलानं ती पहिल्यांदा उघडली तेव्हा आम्ही तिघंही वाकून पाहत होतो, मी, ती आणि विशाल. आत मलईसारखं पांढरं, वर कारखान्यातून आलेली एक गोल लाट. तिला ती लाट मोडवेना.

मग एक चूक झाली, आमच्या दोघींची. जिल्ह्याच्या गावी, पांढुर्ण्याला, फोनचा नंबर बदलायचं एक केंद्र आहे, तिथं एकदा बोट लावून पाहू असं ठरलं. म्हणजे मग रजिस्ट्रीत बोटाची गरजच उरणार नाही. डबी येऊन दोनच दिवस झाले होते. सकाळच्या बसनं निघालो. वत्सलानं दोन्ही हात रघुनाथरावांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवले होते. रघुनाथराव म्हणजे माझे मालक, त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, धोतरं अजून घरात आहेत. खिडकीतून थंड हवा येत होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच संत्र्याची बाग, मध्येच बुंध्यांच्या पांढऱ्या रांगा. वत्सला एकेका बागेचं नाव सांगत होती, ही कोणाची, ती कोणाची, कुठल्या साली पाणी आटलं, कुठली झाडं तिनं रोपं असताना पाहिली. मला मध्येच वाटलं की आपण दोघी फार वर्षांपूर्वीच्या बसमध्ये बसलो आहोत आणि तिच्या त्या फडक्यात जुने हात आहेत, अठरा वर्षांचे.

केंद्राच्या पायरीवर बसून वत्सलानं फडकं सोडलं, डबी काढली आणि जोर यावा म्हणून बोटांना चांगलं थापून लावलं. मीही म्हटलं, लाव, कंजुषी करू नको. आत गेल्यावर तिनं अंगठा काचेवर ठेवला आणि मशीनची काच दह्यासारखी पांढरी झाली. तिथल्या मुलीनं काच पुसली. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती मुलगी शांतपणे म्हणाली, "अम्मा, ये मशीन है, इसको क्रीम नहीं चाहिए." मागच्या रांगेतली माणसं हसली. वत्सला हसली नाही. तिनं पदरानं बोटं पुसली, पण ते इतकं चिकट की पुसता पुसता रांग पुढं सरकली.

बाहेर आल्यावर मात्र आम्हाला दोघींनाही हसू फुटलं. बसस्टँडवर चहा घेताना वत्सला म्हणाली, शंभर रुपयांचं तर मशीनलेच लागलं. मग म्हणाली, आता थोडकंच लावतो, अन् वाया जाऊ देत नाई.

त्यानंतर तीन आठवडे ती दुकानात आली नाही. कापूस ऐन भरात होता. मला काळजी वाटत होती की ती वेचणीला गेली असणार. हंगामात घरी बसलेली वत्सला मी कधी पाहिली नव्हती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रजिस्ट्रीला चारच दिवस उरले असताना, विशालला म्हटलं, मला रामाकोन्याला सोड.

दुपार होती. तिच्या अंगणात शिरले आणि उंबऱ्यापाशीच थांबले. वत्सला ओसरीला बाजेवर बसली होती, पाठ भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर उताणे. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. कोंबड्या फिरत होत्या. अतुलची बायको पूजा चुलीपाशी भाकरी थापत होती. शेजारची शकुबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन रस्त्यानं चालली होती, ती कुंपणाबाहेरूनच म्हणाली, "काहून वं वत्सला, अजून मेहंदी सुकली नाई का तुही?" वत्सलानं तिच्याकडे पाहून नुसते दोन्ही हात वर करून दाखवले, देवळातल्या मूर्तीसारखे, आणि पुन्हा मांडीवर ठेवले. पूजा म्हणाली, वीस दिवस झाले, महाराणी घोटभर पाणीही स्वतः घेत नाही, मी पाजते. पण तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला त्यात गंमत वाटत होती, असं मला दिसलं.

मी बाजेवर बसले आणि सवयीनं वत्सलाचा हात हातात घेतला. दाबला. हाडं तीच होती, पण वरचं कातडं हललं. चाळीस वर्षांपूर्वी हलायचं तसं. मी बोट उन्हाकडे धरलं. टोकावर, अगदी मधोमध, बारीक रेषा उमटत होत्या. पेरणीच्या आधी वखरलेल्या रानात दुरून तासांच्या ओळी दिसतात तशा. कुठं दिसत, कुठं पुसट.

मी म्हटलं, दिपालीला सांगते, तुझं क्रीम खरं निघालं म्हणावं. दाखव डबी, किती उरलं.

पूजानं आतून डबी आणून दिली. मी झाकण फिरवलं. वरची ती गोल लाट एका बाजूनं मोडलेली होती, पांढुर्ण्याला थापलं होतं तिथं. बाकी डबी जशीच्या तशी होती.

"वत्सला, हे तर तू लावलंच नाहीस."

"लावतो न. रोज रात्री. सुईच्या टोकाएवढं." तिनं करंगळीचं टोक दाखवलं. "महागाचं आहे, काकू. संपलं तर?"

"मग दिवसभर अशी हात धरून का बसलीस?"

"लावलेलं वाया गेलं नाई पाहिजे. भांडी घासाले गेली तर राखेनं जाईन, वेचाले गेली तर बोंडाले लागीन. साडेतीन हजाराचं हातावर घेऊन कोणी काम करते का?"

मला तेव्हा समजलं की रेषा कशानं आल्या. वीस दिवस त्या हातांनी काहीच केलं नव्हतं, आणि कातडीला दुसरं काही नको होतं. माझ्या दहा रुपयांच्या जेलीनं हेच झालं असतं. पण दहा रुपयांची जेली हाताला लावून ऐन वेचणीत वीस दिवस बसायची हिंमत वत्सलाला झाली नसती. पूजानं तिला पाणी पाजलं नसतं, आणि शकुबाईनं मेहंदीवरून टोमणा मारला नसता, सरळ आळशी म्हटलं असतं. त्या डबीला अंगणातलं प्रत्येक माणूस जपत होतं, आणि डबी जपता जपता हातही जपले गेले होते.

मी परतीच्या वाटेवर गाडीत मागं बसून बराच वेळ विचार करत होते की हे दिपालीला सांगावं की नको. वत्सलाला मात्र मी काही सांगितलं नाही. झाकण लावून डबी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, चार दिवस अजून.

रजिस्ट्रीच्या दिवशी, बारा डिसेंबरला, पुंडलिकराव काठी टेकत आले. डोक्याला मफलर, सोबत वैभव. वत्सला, अतुल आणि मी बाकावर बसलो होतो. ह्या वेळी वत्सलानं बोटांना काही लावलं नव्हतं. सकाळी कोमट पाण्यानं धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसून आणली होती.

उजवा अंगठा ठेवला. नाही. पुसून पुन्हा ठेवला. नाही. तर्जनी, मधलं बोट, नाही. कापूस वेचताना हीच तीन बोटं चालतात, ती सगळ्यांत जास्त गेली होती. अतुल उभा राहिला. त्यानं खिशातून स्वतःचं कार्ड काढलं, पुढं केलं नाही, नुसतं हातात धरलं. वत्सलानं ते पाहिलं आणि पुन्हा काचेकडे पाहू लागली. बाबूनं डावा हात मागितला. डावा अंगठा, नाही.

पुंडलिकराव खुर्चीतून हे सगळं पाहत होते. त्यांनी हात लांब करून वत्सलाचा पंजा धरला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "माह्या झाडायच्या साली राखता राखता तुही गेली न वं," ते म्हणाले. वैभव तोवर मोबाइलवर काही पाहत होता, त्यानं मान वर केली.

मी उठले. बांगड्या भरताना हात आवळायचा तर मी नेहमी डाव्या हाताची अनामिका आधी आत दुमडते, कारण बायकांच्या हातात तेच बोट सगळ्यांत कमी राबलेलं असतं, मऊ असतं. मी बाबूला म्हटलं, हे घ्या. आणि वत्सलाचं ते बोट माझ्या दोन बोटांत धरून मीच काचेवर ठेवलं. हात ढिला सोड, म्हटलं. पन्नास वर्षं मी हेच वाक्य म्हणत आले होते. तिनं हात सोडला. मी हळूच दाबलं.

मशीनवर हिरवा दिवा लागला. बाबूनं पुढचं पान काढलं. अतुलनं कार्ड खिशात ठेवलं आणि नाक ओढलं, सर्दी झाली असावी.

कागद हातात आला, पण वत्सलाला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, माहं नाव कुठं आहे. मी बोट ठेवून दाखवलं. ती त्या ओळीकडे बरंच पाहत राहिली, मग म्हणाली, "लहान लिवलं आहे."

आता ह्याला दीड वर्ष झालं. पुंडलिकराव इंदूरला गेले आणि पुढच्या पोळ्याच्या आधी तिथंच वारले. वैभवनं बाग विकली, पण विकायच्या आधी एकदा रामाकोन्याला येऊन वत्सलाच्या घराची हद्द स्वतः दाखवून गेला. नव्या मालकानं बुंध्यांना रंग लावायला फवारा आणला आहे. अतुलला बोरगावच्या एका कारखान्यात काम लागलं, तो आणि पूजा अजून त्याच अंगणात राहतात, आणि कवेलूंच्या जागी त्यानंच मोठ्या आईच्या घरावर पत्रे टाकून दिले. शकुबाईच्या बोटांनाही मशीन नाही म्हणू लागलं तेव्हा ती वत्सलाकडं डबी मागायला आली. वत्सलानं तिलाही सुईच्या टोकाएवढं लावून दिलं, आणि वीस दिवस काय काय करायचं नाही ते बजावलं. शकुबाई दोन दिवसही बसली नाही.

दिपालीला मी शेवटी सगळं सांगितलं. ती खूप हसली. ती अजून नागपूरला त्याच काउंटरवर आहे, आता तिच्या हाताखाली दोन मुली आहेत. तिला मी परवा विचारलं, गिऱ्हाइकाला खरं सांगतेस का. म्हणाली, विचारलं तर सांगते. बहुतेक विचारत नाहीत.

वत्सला रजिस्ट्रीच्या पाचव्या दिवशी वेचणीला गेली. तिच्या बोटांवरच्या रेषा संक्रांतीपर्यंत पुन्हा गेल्या. तिनं त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. डबी अजून आहे, मुदत संपलेली, पाऊण भरलेली, आणि रजिस्ट्रीचा कागद ज्या पेटीत आहे त्याच पेटीत.

माझ्या हाताला आता फार कंप सुटतो. मी कोणाला बांगड्या भरत नाही. मागच्या आठवड्यात वत्सला आली होती, बाजाराचा दिवस नसताना. भिंतीवर ठिपके हलत होते आणि मी अर्धवट झोपेत होते. तिनं पिशवीतून डबी काढली, माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि सुईच्या टोकाएवढं नाही, चांगलं बोटभर काढून माझ्या पेरापेरांवर लावू लागली. मी म्हटलं, तारीख गेली त्याची. ती म्हणाली, "हात ढिला सोडा, काकू." मी डोळे मिटले.